पडद्यावर गेलेले, गावी परतलेले: चित्रपट प्रमाणन मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य,
केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, मुंबई

विषय: सत्य घटनांवरील युद्धपटांच्या अखेरीस वस्तुस्थितीचे निवेदन देण्याबाबत

स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत २७ वर्षे इतिहास शिकवला आणि २०२३ साली निवृत्त झालो. दरवर्षी १६ डिसेंबरला, विजय दिनी, शाळेच्या प्रवेशद्वाराजवळच्या फळ्यावर १९७१ च्या युद्धात धारातीर्थी पडलेल्या वीरांची नावे लिहिण्याचे काम माझ्याकडे असे. अल्बर्ट एक्का, अरुण खेत्रपाल, निर्मलजीत सिंग सेखों ही मरणोत्तर परमवीर चक्राची नावे सर्वांत वर, आणि त्याखाली इतर काही नावे. १९९७ च्या जूनमध्ये ‘बॉर्डर’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्या वर्षीच्या डिसेंबरपासून त्या यादीत मी एक नाव वाढवले, ते सीमा सुरक्षा दलाच्या भैरोसिंह राठोड यांचे. चित्रपटात राजस्थानच्या सीमेवरील लोंगेवालाच्या वाळूत त्यांचे बलिदान मी डोळ्यांनी पाहिले होते, नाव खरे होते, लढाई खरी होती, म्हणून मरणही खरेच असणार याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका आली नाही. २०२२ च्या विजय दिनीही ते नाव मी खडूने, शक्य तितक्या सुवाच्य अक्षरात लिहिले. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, १९ डिसेंबर २०२२ रोजी, जोधपूरच्या रुग्णालयात वयाच्या ८१ व्या वर्षी भैरोसिंह राठोड यांचे निधन झाले, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्यांचे छायाचित्र पाहताना माझ्या हातून काय घडले आहे ते मला कळले. एक माणूस आपल्या गावी शेती करीत, नातवंडांत जगत होता आणि पंचवीस वर्षे मी शेकडो मुलांना सांगत होतो की तो गेला.

ही चूक माझी आहे आणि ती मी पुढच्याच आठवड्यात प्रार्थनेच्या वेळी मुलांसमोर मान्य केली. इतिहासाच्या शिक्षकाने पडताळा करायला हवा होता, याविषयी मला कोणतीही सबब सांगायची नाही. परंतु माझ्यासारखे प्रेक्षक या देशात कोट्यवधी आहेत, त्यांच्यापैकी फार थोडे शिक्षक आहेत, आणि त्यांना पडताळा करण्याची सवड किंवा साधने असतीलच असे नाही. म्हणून हे पत्र आपणांस लिहीत आहे.

चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो साताऱ्याच्या एका चित्रपटगृहात, माझ्या थोरल्या चुलत्यांसोबत. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. ते मराठा लाईट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत होते, आणि १९७१ च्या डिसेंबरमध्ये पूर्वेकडे जमालपूरला लढले होते. आमच्या जिल्ह्यात फौजेत गेलेल्या माणसाचे अप्रूप नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या एका गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परत आले नाहीत आणि त्या गावाच्या नावापुढे आजही ‘मिलिटरी’ हा शब्द लावला जातो. त्या दिवशी आसपासच्या गावांतून कितीतरी निवृत्त फौजी एसटीने आले होते, काहींनी कोटावर पदके लावली होती. रणगाडा पेटला की शिट्ट्या आणि घोषणा होत, घरून आलेल्या पत्रांचे गाणे लागले तेव्हा मात्र सगळे चित्रपटगृह गप्प झाले, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा आबांना धोतराच्या सोग्याने डोळे पुसताना पाहिले. ज्यांनी हा चित्रपट केला त्यांच्या भावनेविषयी माझ्या मनात आदरच आहे. दिग्दर्शक जे. पी. दत्ता यांचे बंधू हवाई दलात वैमानिक होते आणि पुढे विमान अपघातात गेले; त्या घरातली ओढ चित्रपटात जाणवते आणि ती आमच्यापर्यंत पोहोचली.

बाहेर आल्यावर चहाच्या गाड्यावर आबांनी मला विचारले, “एवढी कंपनी खरंच संपली का रे? मग ठाणं राखलं कोणी?” त्यांना ते हिशेबात बसत नव्हते. ज्याने रात्रभर रस्ता अडवून धरला आहे त्याला ठाऊक असते की माणसे उरली नाहीत तर मोर्चाही उरत नाही. मी इतिहासाचा पदवीधर, पण माझ्याजवळ उत्तर नव्हते. चित्रपटाने ते दिले नव्हते आणि आमच्या तालुक्याच्या वाचनालयात त्याविषयी काही मिळाले नाही. आबा २००९ साली गेले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला त्यानंतर मिळाले, आणि तेही राठोड यांच्या निधनाच्या बातमीने हादरून मी वाचायला बसलो तेव्हा.

ते उत्तर असे आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री लोंगेवालाच्या ठाण्यावर २३ पंजाब या पलटणीची एक कंपनी होती, सुमारे १२० माणसे, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली, आणि सोबत सीमा सुरक्षा दलाच्या उंटदळाचे चार जवान. समोरून पाकिस्तानचे रणगाडे आणि पायदळ आले. ठाण्यावर रणगाडे नव्हते. जीपवर बसवलेली एक १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ, दोन उखळी तोफा आणि मशीनगन एवढाच मोठा सरंजाम होता. माघार घेण्याचा पर्याय असूनही चांदपुरींनी थांबायचे ठरवले. ठाणे वाळूच्या उंचवट्यावर होते, भोवती काटेरी तार होती, आणि रणगाडे अगदी जवळ येईपर्यंत गोळीबार रोखून धरण्यात आला. सुरुवातीलाच काही रणगाडे पेटले, तेव्हा पुढे तार पाहून शत्रूला वाटले की हे भूसुरुंगांचे क्षेत्र आहे; सुरुंग शोधण्यात त्याचे काही तास गेले आणि बाजूने वळसा घालू पाहणाऱ्या गाड्या मऊ वाळूत रुतल्या. जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री हल्ला करता येत नव्हता. पहाट झाली तेव्हा ती आली, छोट्या कृषक विमानातून मेजर आत्मासिंग त्यांना लक्ष्य दाखवत होते, आणि ५ डिसेंबरच्या दिवसभरात त्या वाळवंटात तीसहून अधिक रणगाडे नष्ट झाले किंवा सोडून दिले गेले.

आणि आपल्या बाजूला त्या ठाण्यावर कामी आलेल्या जवानांची संख्या होती दोन.

मंडळाच्या सदस्यांनी हा आकडा क्षणभर मनात धरावा अशी माझी विनंती आहे. चित्रपट संपतो तेव्हा प्रेक्षकाच्या मनात प्रेतांनी भरलेले ठाणे असते. प्रत्यक्षात त्या रात्रीचा खरा पराक्रम असा की एवढ्या फौजेसमोर एका अधिकाऱ्याने आपली जवळजवळ सगळी माणसे जिवंत ठेवली. ज्या लेफ्टनंट धरमवीर यांनी गस्तीवर असताना रणगाड्यांची घरघर पहिल्यांदा ऐकून खबर दिली, तेही पडद्यावर मरण पावतात. प्रत्यक्षात ते जगले आणि कर्नल या हुद्द्यावरून निवृत्त झाले. भैरोसिंह राठोड यांनी मशीनगन हाती घेऊन तासन्‌तास मारा केला, त्यासाठी १९७२ साली त्यांना सेना पदक मिळाले, १९८७ साली ते निवृत्त झाले, आणि त्यानंतर दहा वर्षांनी चित्रपटाने त्यांना हुतात्मा केले. आपल्याला पडद्यावर मृत दाखवले हे बरोबर झाले नाही, असे त्यांनी पुढे बोलून दाखवले होते. चांदपुरींना महावीर चक्र मिळाले आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले.

यात काय बिघडले, असे कोणी विचारील. चित्रपट म्हणजे बखर नव्हे, नाट्य हवेच, आणि शेवटी त्या माणसांची कीर्तीच वाढली ना? मला हा प्रश्न तुच्छ वाटत नाही. माझ्या सहशिक्षकांनी तो मला विचारला आणि मी त्यावर बराच काळ विचार केला. माझे उत्तर प्रेक्षकांवर झालेल्या परिणामात आहे, कारण तो परिणाम मी वर्गात, घरात आणि गावच्या पारावर प्रत्यक्ष पाहिला आहे.

चित्रपट दूरदर्शन आणि इतर वाहिन्यांवर दर २६ जानेवारी व १५ ऑगस्टला दाखवला जाऊ लागला, तेव्हा आमच्या घरी आळीतली मुले जमत. अशाच एका दिवशी चित्रपट संपल्यावर सात-आठ वर्षांच्या एका मुलाने आबांना निरागसपणे विचारले, “आजोबा, तुम्ही परत आलात, मग तुम्ही लढला नव्हता का?” आबांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उत्तर दिले नाही. जमालपूरला १० डिसेंबरच्या रात्री, वेढ्यातून दक्षिणेकडे निसटू पाहणाऱ्या शत्रूला जंगी पलटणीने रस्ता अडवून रोखले, त्या रात्री आबा खंदकात होते; त्याविषयी ते घरात चार वाक्यांपेक्षा अधिक कधी बोलले नाहीत. त्या मुलाचा दोष नव्हता. त्याने जे पाहिले त्यावरून त्याने सरळ निष्कर्ष काढला होता की शूर तो जो मरतो, आणि जो परत येतो त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नसते.

माझ्या फळ्यानेही त्याला हेच शिकवले होते, हे मला नंतर कळले. १९७१ च्या युद्धात परमवीर चक्र मिळालेले चौघे होते. चौथे मेजर होशियारसिंग, जे बसंतरच्या लढाईत जखमी होऊनही जागेवरून हलले नाहीत आणि जिवंत परतले. त्यांचे नाव मी एकदाही लिहिले नाही, कारण माझा फळा फक्त हुतात्म्यांचा होता.

दुसरा परिणाम याच्या उलट दिशेचा आहे आणि तो मला अधिक भीतीदायक वाटतो. आताची मुले हातातल्या फोनवर दोन मिनिटांत शोधतात. चित्रपटात गेलेला माणूस प्रत्यक्षात जिवंत होता हे ज्याला कळते, तो पुढच्या क्षणी म्हणतो की मग सगळेच खोटे असेल. माझ्या दहावीच्या वर्गातला एक हुशार मुलगा २०२३ च्या जानेवारीत मला म्हणाला, “सर, म्हणजे लोंगेवाला झालंच नसेल.” त्याच्या हाती निवृत्त अधिकाऱ्यांमधल्या जुन्या वादाच्या बातम्याही आल्या होत्या, ज्यात त्या रात्री ठाण्यावर किती लढाई झाली आणि श्रेय पायदळाचे की हवाई दलाचे यावर जाहीर आरोप-प्रत्यारोप झाले होते. त्या मुलाला मी पूर्ण दोन तास दिले. रणगाडे, वाळू, तार, हंटर विमाने, सगळे फळ्यावर काढून दाखवले. पण ज्यांच्याजवळ असा कोणी बसत नाही त्या मुलांचे काय? वाढवून सांगितलेली गोष्ट उघडी पडते तेव्हा खऱ्या गोष्टीवरचा विश्वासही सोबत घेऊन जाते, आणि त्याची किंमत त्या रात्री तिथे असलेल्यांना मोजावी लागते.

हे एकाच चित्रपटापुरते असते तर मी आपणांस त्रास दिला नसता. कारगिल युद्धात हेलिकॉप्टर उडवणाऱ्या गुंजन सक्सेना यांच्यावरील चित्रपट २०२० साली आला, तेव्हा दलाची अकारण वाईट प्रतिमा रंगवली आहे अशी लेखी तक्रार हवाई दलाने आपल्याच मंडळाकडे केली होती. त्यांच्यासोबत सेवेत असलेल्या श्रीविद्या राजन यांनीही, कारगिलच्या वेळी आपणही तिथे होतो आणि चित्रपटाने ते वगळले, असे जाहीरपणे लिहिले. २०२५ साली चीनविरुद्धच्या युद्धातील, लडाखमधल्या रेझांग ला येथील लढाईवर चित्रपट आला, तेव्हा प्रदर्शनाआधीपासून अहीर समाजातील लोकांनी आक्षेप घेतला की त्या कंपनीतील जवळजवळ सगळे जवान ज्या समाजाचे होते त्याची ओळख शीर्षकात यायला हवी. त्या मागणीच्या योग्यायोग्यतेत मी शिरत नाही. परंतु तिच्यामागचे दुःख मला समजते. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी १३ कुमाऊँच्या चार्ली कंपनीने मेजर शैतानसिंग यांच्या नेतृत्वाखाली जे केले ते सांगायला मोजकेच जण परत आले आणि त्यांच्या सांगण्यावर सुरुवातीला कोणी विश्वास ठेवला नाही. पुढच्या वर्षाच्या आरंभी बर्फात, हातात शस्त्रे तशीच धरलेले देह सापडले तेव्हा लोकांना पटले. ज्यांच्या वाडवडिलांना एकदा खोटे ठरवले गेले आहे, ते पडद्यावरच्या प्रत्येक नावाकडे डोळ्यांत तेल घालून पाहणारच.

लोंगेवालात जे जगले त्यांना मृत दाखवले गेले, आणि रेझांग लाला जे मेले त्यांच्या मरणावर विश्वास बसायला महिने लागले. दोन्ही ठिकाणी सैनिकाचे काय झाले ते नेमके सांगणारे एक अधिकृत वाक्य हवे होते.

शासनाची चूक होते तेव्हा ती दुरुस्त होते, याचे उदाहरणही आपल्यापुढे आहे. कारगिल युद्धातील टायगर हिलच्या लढाईनंतर १८ ग्रेनेडिअर्सच्या योगेंद्रसिंग यादव यांना परमवीर चक्र मरणोत्तर जाहीर झाले; ते रुग्णालयात उपचार घेत आहेत आणि त्यांच्याच नावाचा दुसरा जवान कामी आला आहे हे लक्षात आल्यावर घोषणा सुधारली गेली. चित्रपटाला मात्र अशी दुरुस्ती करण्याची कोणतीही वाट आज नाही. तो दरवर्षी जसाच्या तसा लागतो.

आता माझी मागणी मांडतो. कोणताही प्रसंग कापावा, कोणताही संवाद बदलावा असे मला मुळीच म्हणायचे नाही. कलाकृतीच्या अभिव्यक्तीवर अकारण बंधन येऊ नये हे आपल्याच मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेले आहे आणि ते योग्य आहे. माझे म्हणणे एवढेच की जो युद्धपट खऱ्या लढाईचे नाव घेतो आणि खऱ्या सैनिकाला खऱ्या नावाने दाखवतो, त्याच्या अखेरीस, दिवे लागण्यापूर्वी, चित्रपटाच्याच भाषेत आणि वाचता येईल इतका वेळ, एक निवेदन असावे. चित्रपटात मरण पावलेल्यांपैकी प्रत्यक्षात कोण जगले, दोन्ही बाजूंची हानी अधिकृत नोंदींनुसार किती होती, कोणती तुकडी किंवा कोणते दल कथेसाठी वगळले, आणि कोणती पात्रे कल्पित आहेत, एवढे त्यात यावे. आज सुरुवातीला इंग्रजीत, बारीक अक्षरांत, सर्व पात्रे काल्पनिक आहेत असे एक सरसकट वाक्य झर्रकन जाते आणि लगेच खऱ्या पलटणीचे नाव पडद्यावर येते. त्या वाक्याचा उपयोग न्यायालयात होत असेल. प्रेक्षकाला त्यातून काहीच कळत नाही.

यासाठी नवा कायदा लागेल असे मला वाटत नाही. कितीतरी चित्रपटांना आपण निवेदन जोडायला सांगितलेले आहे. पडद्यावर कोणी सिगारेट ओढली तर इशारा येतो. चित्रपटात घोडा किंवा उंट वापरला तर त्याला इजा झाली नाही याचे प्राणी कल्याण मंडळाचे प्रमाणपत्र निर्मात्याला आणावे लागते, आणि ते व्हायलाच हवे. लोंगेवालाला सीमा सुरक्षा दलाचे उंटही तोफांच्या माऱ्यात मेले होते. माझे मागणे एवढेच आहे की उंटासाठी जी काळजी घेतली जाते ती त्या उंटावर बसून सीमेवर गस्त घालणाऱ्या जवानाच्या वाट्यालाही यावी. संरक्षण मंत्रालयानेही २०२० साली आपणांस पत्र लिहून लष्करी विषयांवरील चित्रपटांना ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायला सांगावे असे सुचवले होते. त्यात सैन्यदलाच्या प्रतिमेची काळजी होती. मी ज्याविषयी बोलतो आहे तो प्रतिमेचा प्रश्न नाही, एकेका माणसाच्या जगण्या-मरण्याच्या नोंदीचा आहे, आणि तो प्रतिमा उजळ केल्याने सुटत नाही. उलट ‘बॉर्डर’ने प्रतिमा उजळच केली होती, राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला.

दोन गोष्टी अधिक. जुने युद्धपट पुन्हा प्रदर्शित होतात किंवा वाहिन्यांवर दाखवले जातात, तेव्हाही हे निवेदन जोडण्याची शिफारस मंडळाने करावी, कारण परिणाम जुन्या चित्रपटांचाच अधिक खोल आहे. आणि इंटरनेटवरून थेट घरात येणारे चित्रपट आपल्या प्रमाणपत्राच्या कक्षेत येत नाहीत हे मला माहीत आहे. त्यांच्याविषयी आपण माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे लिहावे.

निवेदनातील मजकूर तपासण्याचा भार मंडळावर पडेल ही अडचण मला दिसते. पण पलटणींची स्वतःची इतिहासलेखने आहेत, पुरस्कारांची मानपत्रे प्रसिद्ध होतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कितीतरी लढायांतली माणसे अजून हयात आहेत. १९७१ ला जे वीस वर्षांचे होते ते आता पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. प्रत्येक जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथे निवृत्तिवेतनाच्या कामासाठी ते येतात, बाकावर बसतात. निर्मात्याने त्यांच्यापर्यंत जाऊन, तुम्हाला आम्ही असे दाखवत आहोत, एवढे विचारावे. राठोड यांच्या बाबतीत असे विचारले गेले असते तर त्यांनी काय उत्तर दिले असते ते मला ठाऊक नाही, पण ते उत्तर देऊ शकत होते.

मी निवृत्त झालो तरी शाळेने विजय दिनाचा फळा माझ्याकडेच ठेवला आहे. २०२३ पासून त्याचे दोन भाग केले आहेत. डावीकडे गेलेल्यांची नावे आहेत. उजवीकडे होशियारसिंग, चांदपुरी, धरमवीर, भैरोसिंह राठोड, आणि सर्वांत खाली आमच्या गावातून त्या युद्धाला जाऊन परत आलेल्या नऊ जणांची नावे, ज्यांत आबांचे आहे. त्या नऊपैकी तिघे अजून गावात आहेत. पहिल्या वर्षी ते फळा पाहायला आले, आणि त्यांच्यातल्या एकाने आपल्या नावापुढे मी चुकीचा हुद्दा लिहिला होता तो खडू घेऊन स्वतः दुरुस्त केला.

आपला नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
जिल्हा सातारा